पूर्व कोलकाता पाणथळ प्रदेश

पश्चिम बंगालमधील कोलकाता (२००१ पूर्वीचे कलकत्ता) शहराच्या पूर्वेस पसरलेला तलाव, शेतजमिनी व वस्त्या यांचा सखल प्रदेश. क्षेत्रफळ १२,५०० हेक्टर. यांपैकी सु. ५,८५० हेक्टर जलक्षेत्र, सु. ४,७०० हेक्टर शेती, सु. ६०० हेक्टर शहरी कचऱ्यावर पिकविलेल्या भाजीपाल्याची जमीन व उर्वरित वस्ती, अशी विभागणी नोंदली गेली आहे. शहराच्या मैलापाण्याचे शुद्धीकरण आणि त्यातील पोषकद्रव्यांपासून मासे, भाजीपाला व भात यांचे उत्पादन ही दोन्ही कार्ये येथे एकत्रच घडतात. मैलापाण्यावरील मत्स्यसंवर्धनाच्या जगातील सर्वांत मोठ्या व्यवस्थांमध्ये हिची गणना होते. ही व्यवस्था कोणत्याही शासकीय योजनेतून निर्माण झाली नाही. एक नदी गाळाने भरून गेल्यावर स्थानिक मत्स्यसंवर्धकांनी ती आपल्या अनुभवातून घडविली.

इतिहास : कलकत्ता शहर हुगळी नदीच्या उंच काठावर वसले असून तेथील जमिनीचा उतार नदीकडे नसून पूर्वेकडे आहे. शहरातील गटारे मात्र प्रथम नदीच्या दिशेने काढलेली होती. हा दोष गव्हर्नर जनरल वेलस्ली याने १८०३ मधील आपल्या टिपणीत दाखवून दिला. पुढे अभियंता विल्यम क्लार्क याने १८५५ मध्ये भूमिगत गटारांची योजना मांडली. तीनुसार शहराचे मैलापाणी व पावसाचे पाणी पूर्वेकडील खाऱ्या सरोवरांच्या मार्गे विद्याधरी नदीत सोडण्यात येऊ लागले. याच भागातील धापा येथे शहराचा कचरा टाकला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या जमिनीवर भाजीपाल्याची लागवड सुरू झाली.

विद्याधरीतून भरतीचे पाणी येत असे, तोवर या सरोवरांत खाऱ्या पाण्यातील मासे मिळत. परंतु कालव्यांच्या बांधणीमुळे व गाळ साचल्यामुळे नदीचा प्रवाह क्षीण होत गेला आणि १९२८ मध्ये ती निकामी झाल्याचे जाहीर करण्यात आले. मासेमारीचा आधार गेला आणि शहराच्या मैलापाण्यालाही वाट उरली नाही. १९३० च्या सुमारास काही मत्स्यसंवर्धकांनी मैलापाणी ठराविक प्रमाणात तलावांत घेऊन गोड्या पाण्यातील मासे वाढविण्यास प्रारंभ केला. प्रयोग यशस्वी ठरताच त्याचा झपाट्याने प्रसार झाला. कलकत्ता महानगरपालिकेचे अभियंता बी. एन. डे यांच्या योजनेनुसार मैलापाणी व पावसाचे पाणी यांसाठी कुल्टी नदीपर्यंत स्वतंत्र कालवे खोदण्यात आले. १९४३ च्या सुमारास ते कार्यान्वित झाले. बानतला येथील दरवाजांमुळे कालव्यातील पाण्याची पातळी उंच राखता येऊ लागली आणि पंपांवाचून, केवळ उताराने, तलावांना मैलापाणी मिळू लागले.

कार्यपद्धती : येथील तलावांना ‘भेडी’ म्हणतात. ते विस्तीर्ण पण उथळ असतात. हिवाळ्यात तलाव आटवून तळ उन्हात तापवितात व त्यातील गाळ उकरतात. नंतर मैलापाणी घेऊन काही दिवस स्थिर ठेवतात. सूक्ष्मजंतू त्यातील सेंद्रिय द्रव्यांचे विघटन करतात. मुक्त झालेल्या नायट्रोजन व फॉस्फरस यांच्या संयुगांवर सूर्यप्रकाशात शैवले वाढतात. शैवलांच्या प्रकाशसंश्लेषणातून मिळणारा ऑक्सिजन पुन्हा सूक्ष्मजंतूंच्या उपयोगी पडतो. पाणी सुधारल्याची खात्री करण्यासाठी प्रथम थोडे मासे सोडून पाहतात व मग रोहू, कटला, मृगळ, सिल्व्हर कार्प, तिलापिया इ. मासे वाढवितात. शैवलांची अतिवाढ पाण्याला घातक असते. मासे ती खाऊन आटोक्यात ठेवतात. यामुळे मासा हा या व्यवस्थेचे उत्पादन तसेच तिचा एक कार्यकारी घटकही होय. बांधालगत राखलेली जलपर्णी लाटांपासून बांधाचे रक्षण करते व काही प्रमाणात जड धातू शोषून घेते. तलावांतून बाहेर पडणारे पाणी भातशेतीस देतात. या व्यवस्थेमुळे पूर्वेकडे वाहणाऱ्या मैलापाण्यासाठी दीर्घकाळपर्यंत यांत्रिक पद्धतीचे मोठे शुद्धीकरण केंद्र उभारावे लागले नाही.

ऱ्हास व संरक्षण : शुद्धीकरणाच्या या सेवेचे मूल्य नगराच्या हिशेबात कधी धरले गेले नाही, जमिनीची किंमत मात्र वाढत गेली. १९६२ पासून हुगळीतील गाळ पंपांनी आणून उत्तरेकडील तलाव बुजविण्यात आले व त्यांवर सॉल्ट लेक (बिधाननगर) ही वसाहत उभी राहिली. अभियंता ध्रुबज्योती घोष (१९४७–२०१८) यांनी १९८० नंतरच्या दशकात या प्रदेशाचा पद्धतशीर अभ्यास करून त्याचे नकाशे तयार केले आणि मत्स्यसंवर्धकांचे ज्ञान प्रशासनासमोर मांडले. एका नागरी संघटनेच्या अर्जावर कलकत्ता उच्च न्यायालयाने १९९२ मध्ये येथील जमिनीच्या वापरातील बदलास मनाई केली. १९ ऑगस्ट २००२ रोजी या प्रदेशाचा रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ प्रदेशांत समावेश झाला व २००६ मध्ये राज्य शासनाने त्याच्या संवर्धनासाठी स्वतंत्र कायदा केला.

घरगुती मैलापाण्यात मिसळणारे औद्योगिक सांडपाणी हा या व्यवस्थेपुढील दुसरा धोका. विशेषतः कातडी कमावण्याच्या कारखान्यांतील क्रोमियमचे सूक्ष्मजंतूंकडून विघटन होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे कारखाने शहरातून हलविण्याचा आदेश दिला. त्यांच्यासाठी बानतला येथे वसाहत उभारण्यात आली. कालव्यांत व तलावांत साचणारा गाळ, मैलापाण्याचा अनियमित पुरवठा आणि कायद्यानंतरही होत राहिलेली अतिक्रमणे यांमुळे मत्स्यसंवर्धकांच्या अडचणी कायम राहिल्या.

विस्तीर्ण सखल जमीन, भरपूर सूर्यप्रकाश, स्वस्त मासळीची जवळची बाजारपेठ व अनेक पिढ्यांचे कौशल्य यांच्या संयोगावर ही व्यवस्था उभी आहे. त्यामुळे तिचे जसेच्या तसे अनुकरण इतरत्र सोपे नाही. तलाव एकदा बुजविला, म्हणजे त्यातील मासळी व मत्स्यसंवर्धकांची उपजीविका यांबरोबर शहराचे एक शुद्धीकरण केंद्रही नष्ट होते आणि त्याची भरपाई यंत्रांनी करावयाची, तर वीज व पैसा हे दोन्ही शहरालाच पुरवावे लागतात.