आप्पासाहेब भोसले व रेसिडेंट जेंकिन्स

नागपूरकर आप्पासाहेब भोसले यांचें नांव निघालें कीं ‘विश्वासघातकी’ हें विशेषण मागून येतेंच. विश्वास कोणीं कोणावर टाकला, हें कालानुक्रमें पाहूं गेल्यास मात्र चित्र निराळें दिसतें, असें आमचें मत आहे.

दुसऱ्या रघूजींनीं १८०३ च्या देवगांवच्या तहांत कटक व वऱ्हाड गमावलें, पण तैनाती फौज मरेपर्यंत पतकरली नाहीं. ते २२ मार्च १८१६ रोजीं वारले. पुत्र परसोजी शरीरानें व बुद्धीनें दुर्बल, त्यामुळें कारभार पुतणे आप्पासाहेब यांजकडे आला. वाड्यांत बाकाबाई व धर्माजी भोसले यांचा पक्ष विरुद्ध होता. धर्माजीस कैद करून मारविल्यावरहि आप्पासाहेबांस स्वस्थता नव्हती. त्यांनीं आधार शोधला तो रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याचा. नागोपंत व नारायण पंडित यांच्या मध्यस्थीनें २७ मे १८१६ रोजीं तह झाला, आणि चुलत्यानें तेरा वर्षें नाकारलेली फौज सालीना ७॥ लक्ष रुपयांस घरांत आली. परराज्यांशीं स्वतंत्र बोलणें लावण्याचा अधिकारहि त्याच कागदानें गेला. नीतिशास्त्रांतील षाड्गुण्याच्या भाषेंत सांगावयाचें तर आप्पासाहेब ज्यास संधि समजले तो संश्रय होता.

१ फेब्रुवारी १८१७ रोजीं परसोजी अंथरुणांत मृत आढळले. आप्पासाहेब तेव्हां चांद्याकडे होते. रेसिडेंटानें त्यांचा वारसा मान्य केला. पुढें पुण्याशीं युद्ध जुंपलें असतां २४ नोव्हेंबर रोजीं आप्पासाहेबांनीं पेशव्यांकडील वस्त्रें स्वीकारलीं. पुण्याहून वस्त्रें येणें ही भोसल्यांच्या घरची जुनी चाल. समारंभास जेंकिन्सलाहि बोलावणें होतें! तो आला नाहीं. २६ व २७ तारखेस सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई होऊन भोसल्यांचा मोड झाला.

यापुढील गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. १६ डिसेंबर रोजीं आप्पासाहेब आपल्या पायांनीं रेसिडेन्सींत गेले. एकदां पोळलेल्या माणसानें पुन्हां तोच हात धरला. जानेवारी १८१८ च्या करारानें नर्मदेकडील मुलूख, गाविलगड व नरनाळा गेले, मंत्री इंग्रजांच्या पसंतीचे झाले, सीताबर्डीवर इंग्रजांची तटबंदी ठरली. १५ मार्च रोजीं त्यांस अटक झाली. नव्या कटाबरोबर परसोजींच्या खुनाचा आरोपहि ठेवण्यांत आला, तो तेरा महिन्यांपूर्वीं वारसा मान्य करणाऱ्या त्याच रेसिडेंटाकडून. आप्पासाहेबांस निर्दोष ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. धर्माजीचें रक्त त्यांच्या हातांस आहेच. परंतु वादी व न्यायाधीश एकच असतां निवाड्यावर किती भार द्यावा, याचा विचार व्हावयास पाहिजे.

बाल रघूजी तिसरे गादीवर बसले, आणि वकील म्हणून दरबारीं उभा राहणारा जेंकिन्स १८२६ पर्यंत त्यांच्या नांवानें राज्य चालवूं लागला. आप्पासाहेब मे १८१८ मध्यें शिपायाच्या वेषांत पहाऱ्यांतून निसटले. महादेवाचे डोंगर, लाहोर असे फिरत अखेर जोधपूरच्या मानसिंहाच्या आश्रयास राहून १८४० मध्यें तेथेंच वारले.

ज्या संग्राहकांजवळ मे १८१६ ते मार्च १८१८ या काळांतील नागपुरी मोडी रुमाल असतील, त्यांनीं ते वरील मित्यांशीं ताडून पाहावे व नकला मंडळाकडे धाडाव्या, अशी विनंति आहे.