वऱ्हाडातील शिक्षकाची नोकरी आणि कायदा

वऱ्हाडात शाळामास्तरची नोकरी कोणाच्या हाती, याचे उत्तर राज्यकर्ते बदलले तसे बदलत गेले. १८५३ मध्ये निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. १९४८ च्या कायद्याने प्राथमिक शाळा जनपद सभा या स्थानिक स्वराज्य संस्थांकडे आल्या. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, तर १९६२ मध्ये जिल्हा परिषद स्थापन झाली. पूर्वी मोर्शी आणि आता वरूड तालुक्यात असलेल्या शेंदूरजनाघाटासारख्या संत्र्याच्या गावात मास्तर तोच राही, त्याच्या बदलीचा हुकूम मात्र दर पिढीला निराळ्या कचेरीतून येई.

खाजगी शाळांची गोष्ट वेगळी होती. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. अशा संस्थांमुळे कुणब्या-माळ्यांची मुले हायस्कुलापर्यंत पोहोचली. पण संस्थाचालकाच्या मर्जीतून उतरलेल्या शिक्षकाला फारसा आधार नव्हता. माध्यमिक शाळा संहिता ही मुळात प्रशासकीय सूचनांची पोथी. तिच्या जोरावर न्यायालयात दाद मागणे अवघड जाई.

ही उणीव महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ याने भरून काढली. तो १५ जुलै १९८१ पासून लागू झाला. नियम ३६ प्रमाणे शिक्षकावरील आरोपांची चौकशी तिघांची समिती करते: एक संस्थेचा प्रतिनिधी, एक शिक्षकाने स्वतः निवडलेला खाजगी शाळेचा कर्मचारी आणि एक राज्य वा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षक. आरोपीला आपला माणूस बसवू देणारी ही तरतूद कायद्यातली सर्वात शहाणी म्हणावी लागेल. समिती नीट नेमली नाही म्हणून बडतर्फी रद्द झाल्याची प्रकरणे कमी नाहीत. बडतर्फीविरुद्ध तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. शेंदूरजनाघाटच्या शिक्षकाला त्यासाठी अमरावती गाठावी लागते, आणि पुढे रिट याचिकेसाठी नागपूर खंडपीठ.

नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती की परिवीक्षेवर, यावरूनच बरेच दावे उभे राहतात. नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्याची मान्यता नसली म्हणून शिक्षकाचे अपील बाद होत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सेंट उलाई हायस्कूल प्रकरणात स्पष्ट केले. तरी मान्यतेवाचून पगार अडतो, म्हणून मुख्याध्यापकाचा बराच वेळ संचमान्यता (मंजूर पदांचा हिशेब), बिंदुनामावली (आरक्षणाचा क्रम) आणि ज्येष्ठता यादी यांत जातो.

२००० नंतर शिक्षण सेवक योजनेने तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करण्याची पद्धत आणली. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा आला. त्याने छडीवर बंदी घातली. जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणूक वगळता शिक्षकाला इतर अशैक्षणिक कामे लावू नयेत, असेही सांगितले. शिक्षक पात्रता परीक्षेची (टीईटी) अट त्याच कायद्यातून आली. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती पहिली ते आठवीच्या जुन्या शिक्षकांनाही लागू झाली. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी अवधी उरलेल्यांना नोकरीपुरती सूट मिळाली, पदोन्नतीसाठी नाही; बाकीच्यांना दोन वर्षांची मुदत.