वायुज्वलन, मुंबई हाय तेलक्षेत्रातील

खनिज तेलाबरोबर विहिरीतून बाहेर येणारा नैसर्गिक वायू वापरता किंवा वाहून नेता न आल्यास तो उंच नळाच्या टोकाशी जाळून टाकतात. या क्रियेस वायुज्वलन म्हणतात. मुंबईच्या पश्चिमेस सु. १६० किमी. अंतरावर, सु. ७५ मी. खोल समुद्रात असलेल्या मुंबई हाय (पूर्वीचे बाँबे हाय) क्षेत्रात १९७६ पासून पुढे बरीच वर्षे असे ज्वलन मोठ्या प्रमाणावर होत असे. ते कमी होण्यास समुद्रावरील यंत्रसामग्रीइतकेच किनाऱ्यावरील नळ व कारखानेही कारणीभूत झाले.

भूगर्भातील उच्च दाबाखाली वायू तेलात विरघळलेला असतो. तेल वर येताना दाब उतरतो आणि वायू सुटा होतो. यास सहचारी वायू म्हणतात. तेलफलाटावरील विलगकांत तो तेलापासून टप्प्याटप्प्याने वेगळा काढतात. पहिल्या टप्प्यावरील वायूस बऱ्यापैकी दाब असतो. अखेरच्या टप्प्यावरील वायूचा दाब मात्र इतका कमी असतो की, संपीडकावाचून तो वाहक नळात शिरू शकत नाही. तेल टँकर जहाजांत भरून नेता येते, पण वायूस नळ, संपीडक आणि रोज तेवढा वायू घेणारा ग्राहक या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. त्यांपैकी एक जरी नसली, तरी तेलाचे उत्पादन थांबवावे, वायू पुन्हा भूगर्भात दाबावा किंवा तो जाळावा, एवढेच मार्ग उरतात. न जाळता सोडलेला वायू स्फोटक ठरतो. शिवाय त्यातील मिथेन हा कार्बन डाय-ऑक्साइडाहून वातावरण कितीतरी अधिक तापवितो. त्यामुळे ज्वलन हा त्यातल्या त्यात कमी घातक उपाय होय. संपीडक अचानक बंद पडल्यास फलाट वाचविण्यासाठी ज्योत सज्ज असावीच लागते आणि म्हणून ज्वलन पूर्णपणे शून्यावर आणता येत नाही.

‘सागर सम्राट’ या वेधननौकेने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेलाचा शोध लावला. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच तेलाच्या जागतिक किंमती कडाडल्या होत्या. आयातीचा बोजा हलका करण्याची निकड इतकी तीव्र होती की, शोधानंतर अवघ्या सव्वादोन वर्षांत, २१ मे १९७६ रोजी, उत्पादन सुरू झाले. प्रारंभी तेल जहाजांनी येई व वायू समुद्रावरच जळे. १९७८ मध्ये उरणपर्यंत तेलाचा व वायूचा असे दोन नळ कार्यान्वित झाले आणि तुर्भे (ट्राँबे) येथील खत कारखाना व वीज केंद्र यांना वायू मिळू लागला. उरणच्या वायुजनित्र वीज केंद्राची भर १९८० नंतर पडली. मोठा ग्राहक ठरणारा रायगड जिल्ह्यातील थळ-वायशेत खत प्रकल्प मात्र जागेच्या व प्रदूषणाच्या वादांत रेंगाळून १९८५ च्या सुमारास उत्पादनाच्या टप्प्यावर आला. तेल एक दिवसही थांबले नाही. वायूने मात्र कारखान्यांची वाट पाहिली, ती जळत जळत.

याच काळात नॉर्वेने वेगळा निर्णय घेतला होता. १९७१ मध्ये तेथील संसदेने, अल्प मुदतीच्या चाचण्या वगळता वायू जाळू नये, असे तत्त्व मान्य केले. एकोफिस्क क्षेत्रात १९७५ पासून अतिरिक्त वायू खडकात परत दाबण्यात आला व १९७७ मध्ये जर्मनीतील एम्डेनपर्यंतचा नळ सुरू झाला. नॉर्वेची लोकसंख्या लहान व तेलाची गरज माफक होती, हे खरे. भारतास तेवढी उसंत नव्हती. तरीही तेलाच्या योजनेबरोबरच वायूची योजना आखता आली असती, असे म्हणावे लागते.

देशाचे खनिज तेलाचे उत्पादन १९८०–८१ मध्ये सु. १ कोटी टन होते, ते १९९०–९१ पर्यंत सु. ३·३ कोटी टनांवर गेले. ही वाढ मुख्यतः मुंबई हायने घडविली व तिच्याबरोबर ज्वलनही वाढले. १९९०–९१ मध्ये देशात निघालेल्या सु. १,८०० कोटी घ. मी. वायूपैकी ५०० कोटी घ. मी. हून अधिक वायू जाळला गेला. उष्णतामूल्याच्या हिशेबाने तो सु. ४५ लाख टन तेलाइतका होतो. इराणी आखातातील संघर्षामुळे तेल महागले होते आणि परकीय चलनाची गंगाजळी आटत आली होती, ते हेच वर्ष.

यात आणखी एक विसंगती होती. दक्षिण वसई क्षेत्रातील वायू मुक्त स्वरूपाचा आहे. मागणी नसल्यास झडप मिटून तो भूगर्भात राखून ठेवता येतो. सहचारी वायूस ती सोय नाही. म्हणून मागणी घटली की, आधी मुक्त वायू रोखणे श्रेयस्कर असते. हजीरा–बिजैपूर–जगदीशपूर हा सु. १,७०० किमी. लांबीचा नळ १९८७–८८ च्या सुमारास सुरू झाल्यावर उत्तर भारतातील खत कारखान्यांची मागणी निर्माण झाली खरी. पण मुंबई हायचा अतिरिक्त वायू त्या वाटेस लावण्याकरिता समुद्रावर पुरेसे संपीडक व नळ नव्हते. १९९१ मध्ये जागतिक बँकेने वायुज्वलन घटविण्याच्या प्रकल्पास ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. संपीडनाची व वहनाची क्षमता वाढत गेली, तसे ज्वलनाचे प्रमाण उतरत गेले आणि २०००–०१ पर्यंत ते देशातील एकूण वायुउत्पादनाच्या दहा टक्क्यांच्या आत आले.

पुढे वायूची टंचाई जाणवू लागली. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीमार्फत मुंबईतील घरोघरी नळाने वायू पोहोचू लागला. २००४ पासून दहेज येथे द्रवरूप वायूची आयात सुरू झाली. मुंबई हायच्या जुन्या विहिरींचा दाब घटल्याने आता तेल वर चढविण्यासाठीही संपीडित वायू विहिरीत सोडावा लागतो, व तेलासह परतलेला तो वायू गोळा करून पुन्हा वापरतात.