उडत्या लेझर तोफेची गोष्ट

१३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूल येथे डीआरडीओने ३० किलोवॅटच्या लेझरने ड्रोन पाडून दाखवले. हे काम करणारी 'चेस' प्रयोगशाळा आपल्या हैदराबादचीच, म्हणून मंडळाच्या बैठकीत वर्गणी बाजूला राहिली आणि लेझरचीच चर्चा रंगली. अभिमान आम्हालाही वाटला. पण तरुण मंडळी "आता तोफा-क्षेपणास्त्रे भंगारात!" म्हणू लागली, तेव्हा आम्हाला एक अमेरिकन विमान आठवले.

१९६० साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवून दाखवला. १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी शत्रूची क्षेपणास्त्रे वाटेतच निकामी करण्याची योजना मांडली. त्याच ध्यासातून पुढे 'वायएएल-१' तयार झाले. बोइंग ७४७ जातीचे अवाढव्य विमान, नाकावर फिरता आरसा आणि पोटात क्लोरीन, आयोडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड यांवर चालणारा मेगावॅट ताकदीचा लेझर. उडता रासायनिक कारखानाच म्हणा ना! रसायने संपली की तोफ मुकी.

११ फेब्रुवारी २०१० रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ या विमानाने उडते क्षेपणास्त्र खरोखर पाडले. तरीही २०११ च्या अखेरीस प्रकल्प गुंडाळला गेला. तोवर सुमारे पाच अब्ज डॉलर खर्ची पडले होते. २०१४ मध्ये विमान मोडीत निघाले. भंगारात गेले ते असे!

असे का झाले? प्रकाश क्षणात पोहोचतो, पण पोहोचला म्हणजे जाळले असे नव्हे. पत्रा तापून फाटेपर्यंत किरण एकाच जागी काही सेकंद धरून ठेवावा लागतो. अंतर वाढले की तो पसरतो, हवेत थरथरतो. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी २००९ मध्ये तिथल्या संसदेपुढे स्पष्टच सांगितले की, इराणचे क्षेपणास्त्र पाडायला हे विमान इराणच्या हद्दीत घिरट्या घालत ठेवावे लागेल. लांबून मारायचे तर लेझर वीस-तीस पट शक्तिमान हवा. शत्रू आपल्या डोक्यावर एवढे धूड फिरू देईल काय?

आजचे लेझर विजेवर चालतात आणि जवळचे ड्रोन टिपतात. हा मोठाच फरक. पण आम्ही पडलो विद्युत शाखेचे डिप्लोमावाले, आमचे लक्ष उष्णतेकडे जाते. घेतलेल्या विजेचा निम्म्याहून अधिक भाग यंत्रातच उष्णता होऊन राहतो. म्हणजे जनरेटर आला, थंड करणारी यंत्रणा आली, वजन आले. शिवाय धूळ, धुके आणि पाऊस! विसर्जनाच्या दिवशी कोसळतो तसा पाऊस असला तर किरण वाटेतच विखुरतो. म्हणून लेझर असलेली सैन्येसुद्धा शेजारी तोफा आणि क्षेपणास्त्रे सज्ज ठेवतात.