काळाशीं लाविलेली शर्यत

शर्यत म्हटली कीं आपणांस घोडे किंवा बैल आठवतात. परंतु जींत प्रतिस्पर्धी दिसतच नाहीं, झुंज केवळ घड्याळाशीं असते, अशीहि एक शर्यत आहे. हल्लींचीं मुलें पडद्यावरील खेळांत तीच खेळतात. अमुक वाट कोणीं किती क्षणांत कापली याचे विक्रम आज नोंदवितात आणि उद्यां मोडतात. अशी एक खरीखुरी शर्यत आमच्या रोह्याहून सुरू झाली.

पेण व रोहें हीं गांवें मुंबईच्या उंबरठ्यावरचीं; तरी आपट्याहून पुढें रोह्यापर्यंत रूळ येण्यास १९८६ साल उजाडावें लागलें. त्यापुढच्या कोंकणाची मागणी अ. ब. वालावलकर, नाथ पै, मधु दंडवते यांनीं कित्येक वर्षें जागती ठेविली होती. अखेर १९९० च्या जुलैंत स्वतंत्र कंपनी निघाली आणि १५ सप्टेंबर रोजीं रोह्यास कोनशिला बसली. तेव्हां जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. कामाची धुरा ई. श्रीधरन यांजकडे होती.

मार्ग ७४१ किलोमीटरांचा. पूल सुमारें दोन हजार, बोगदे नव्वदांहून अधिक. एका टोंकापासून दुसऱ्याकडे जावें, तर पिढी सरली असती. म्हणून मार्गाचे सात विभाग पाडून सर्वत्र एकदमच कुदळ घातली. १९९३ सालीं रोहें ते वीर गाडी धांवूं लागली. गोव्यांतील पेडण्याच्या बोगद्यांत मात्र भुसभुशीत माती पुनःपुन्हां ढांसळे; त्यानें सर्वांस थोपवून धरिलें. तरीहि २६ जानेवारी १९९८ रोजीं संपूर्ण मार्ग खुला झाला. साडेसात वर्षें पुरीं झालीं नव्हतीं!

ताशीं १६० किलोमीटरांच्या वेगासाठीं हा मार्ग आंखला होता. पण डोंगर कोणाचें घड्याळ मानीत नाहीं. जून २००३ मध्यें वैभववाडीजवळ दरड कोसळून पन्नासांच्या आसपास माणसें दगावलीं. पुढच्याच जूनमध्यें आमच्या जिल्ह्यांत करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरून सुमारें वीस जीव गेले. त्यानंतर दरडींवर जाळ्या बसल्या, पहारे वाढले, आणि पावसाळ्यांत गाड्या हळू हांकण्याचें निराळें वेळापत्रक रूढ झालें.

पडद्यावरील खेळांत चूक झाली तर पुन्हां आरंभ करितां येतो. रुळांवर ती सोय नाहीं. वर्गांत मीं मुलांस आयुष्यभर "लवकर लिहा" म्हणून सांगितलें. आतां सांगेन, लवकर लिहा, पण उत्तर एकदां तपासा. पावसांत उशिरानें पोंचणारी गाडी पाहून चिडणाऱ्या प्रवाशानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, तो उशीर हीहि त्या शर्यतींतील एक कमाईच आहे.