श्रेयाची उशिरा झालेली नोंद

स्त्रीच्या बीजांडकोशात दरमहा बहुधा एकच बीज पक्व होते. हे नियंत्रण पोष ग्रंथीकडे असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या या वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा एक अंतःस्राव बीज वाढवितो, दुसरा पक्व बीज मोकळे करतो. बीज वाढीस लागले, की बीजांडकोशाचे स्वतःचे अंतःस्राव पोष ग्रंथीला आवरतात आणि मागे पडलेली बीजे सुकून जातात. मग तोच वाढविणारा अंतःस्राव बाहेरून टोचला तर?

१९५८ साली स्वीडनच्या कार्ल गेमझेल यांनी मृतांच्या पोष ग्रंथींतून मिळविलेला अंतःस्राव वापरून बीजे पक्व करून दाखविली. पुढे हे द्रव्य ऋतुनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रातून काढण्यात येऊ लागले. इटलीतील मठांमधल्या वृद्ध धर्मभगिनींकडूनही ते मूत्र गोळा होई. १९६२ साली इस्रायलमध्ये या औषधाने उपचार घेतलेल्या स्त्रीस अपत्य झाले. मात्रा चुकली तर बीजांडकोश सुजतात, जुळी-तिळी होतात. म्हणून हे औषध जपूनच द्यावे लागते.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात लुईस ब्राउन जन्मली, ती मात्र नैसर्गिक ऋतुचक्रातील एकाच बीजापासून. स्टेप्टो व एडवर्ड्स यांना अंतःस्राव देऊन यश आले नव्हते. कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तोच सोडून दिलेला मार्ग धरला. अंतःस्राव देऊन त्यांनी अनेक बीजे मिळविली, गर्भ गोठवून ठेवला आणि गर्भाशय पूर्ववत झाल्यावर पुढील ऋतुचक्रात त्याचे आरोपण केले. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी ‘दुर्गा’ जन्मली. परंतु राज्य सरकारच्या समितीने त्यांचे म्हणणे अमान्य केले. परदेशी परिषदेस जाण्याची परवानगी नाकारली गेली, नेत्रविकारांच्या संस्थेत बदली झाली. १९८१ साली त्यांनी स्वतःचे जीवन संपविले.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी एक कन्या जन्मली. भारतातील पहिली नलिकाबालिका म्हणून तिचे नाव गाजले. १९९७ साली आनंद कुमार यांनी मुखोपाध्यायांची हस्तलिखिते वाचली आणि पहिला मान त्यांचाच, असे जाहीरपणे लिहिले. हा निर्वाळा देताना त्यांनी स्वतःकडचाच मान सोडला होता. अंतःस्राव द्यावा, गर्भ गोठवावा आणि मग थांबावे, ही रीत आज जगभर रूढ आहे.