दंड भरला तरी गुन्हा मोजला जातो! दुसऱ्यांदा सापडलात तर काय होतं?

पारगाव : मंचर, नारायणगाव किंवा आळेफाट्याला जाऊन आलो, की कधीतरी मोबाईलवर ई-चलनाचा मेसेज येतो. पाचशे रुपये भरले की विषय संपला, असं आपण समजतो. कायद्याच्या हिशेबात मात्र तो संपत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. त्यातलं कलम २०० सांगतं, की दंड भरून तडजोडीनं मिटवलेला गुन्हाही ‘आधीचा गुन्हा’ म्हणून धरला जाईल. म्हणजे तोच गुन्हा पुन्हा केला, तर तुम्ही दुसऱ्यांदा गुन्हा करणारे ठरता.

दुसऱ्या वेळी शिक्षा किती?

- किरकोळ नियमभंग (कलम १७७) : पहिल्यांदा ५०० रुपये, नंतर १,५०० रुपये.
- विमा नसणे (कलम १९६) : पहिल्यांदा २,००० रुपये, नंतर ४,००० रुपये. दोन्ही वेळा तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.
- धोकादायक चालवणे (कलम १८४) : गाडी चालवताना हातात मोबाईल, सिग्नल तोडणे, राँग साइडनं येणे हे यातच येतं. पहिल्यांदा ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये. दोन्ही शिक्षा एकत्रही होऊ शकतात.
- दारू पिऊन चालवणे (कलम १८५) : पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुढच्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये किंवा दोन्ही. हा गुन्हा रस्त्यावर दंड भरून मिटत नाही, प्रकरण कोर्टात जातं.

खरा फटका लायसन्सला

जास्त वेग, धोकादायक चालवणे, दारू, ट्रिपल सीट आणि हेल्मेट नसणे, या गुन्ह्यांत पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. तुमची बाजू ऐकून घेतल्यावर आरटीओ पहिल्या वेळी तीन महिने लायसन्स निलंबित करू शकतो. दुसऱ्या वेळी थेट रद्द. निलंबनानंतर लायसन्स परत हवं असेल, तर उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. दंड भरला म्हणून ही कारवाई टळत नाही.

निलंबनाच्या काळात गाडी चालवली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. उसाचा ट्रॅक्टर किंवा टोमॅटोची पिकअप चालवून ज्याचं घर चालतं, त्याच्यासाठी लायसन्स गेलं म्हणजे रोजगारच गेला.

चलनामुळे ‘सराईत गुन्हेगार’ ठरतो का?

नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३ मध्ये पुन्हा गुन्हा करणाऱ्याला वाढीव शिक्षा आहे. पण ती नाणी-नोटांचे आणि चोरी-फसवणुकीसारखे मालमत्तेचे गंभीर गुन्हे यांच्यापुरतीच. वाहतुकीची चलनं त्यात मोजली जात नाहीत.

मात्र निष्काळजीपणे गाडी चालवून कुणाचा जीव गेला, तर कलम १०६ (१) खाली ५ वर्षांपर्यंत कैद आहे. तिथं ‘पहिलीच वेळ आहे’ एवढं कारण पुरत नाही. अशा गुन्ह्यात चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून देण्याची सवलत सहसा देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली हरियाणातील एका प्रकरणात सांगितलं आहे.

हे लक्षात ठेवा

- महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून चलनं तपासा. चलन चुकीचं असेल तर पैसे भरण्याआधी तक्रार करा. एकदा भरलं, की ते तुमच्या खात्यावर मोजलं जातं.
- गाडी विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवा. नाहीतर दुसऱ्याची चलनं तुमच्या नावावर येत राहतील.
- अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देऊ नका. त्यानं गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. शिवाय गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.